कालवफोड्याची ओळख



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आम्हां विद्यार्थ्यांना व्याकरण शिकवले, भूमिती शिकवली, आणि रविवारी ओहोटीची वेळ साधून अक्षीच्या पुळणीवर नेऊन जे काही शिकवले त्याची नोंद शाळेच्या कोणत्याही दप्तरात नसली, तरी चाळीस वर्षांनंतर आज मला त्याचेच स्मरण सर्वांत स्पष्ट आहे. त्या पहिल्या रविवारी ओल्या वाळूच्या पार टोकाला, जेथे पाणी आणि जमीन यांची सरहद्द घटकेघटकेला बदलत असते, तेथे काळ्यापांढऱ्या रंगाचे पाचसहा पक्षी उभे होते. मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, "गुरुजी, टिटव्या!" ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "चोच कशी आहे रे?" चोच मी पाहिलीच नव्हती. "मग नाव कशाच्या आधारावर दिलेस?" असे म्हणून ते वाळूवर बसले, मला शेजारी बसवले, आणि त्या पक्ष्यांची चोच मला दिसेपर्यंत, म्हणजे चांगला अर्धा तास, आम्ही दोघे काही न बोलता तसेच बसून राहिलो. ती चोच नारिंगी-तांबडी होती, सरळ होती, आणि त्या आखूड मानेच्या, भरदार अंगाच्या पक्ष्याला जणू दुसऱ्याच कोणाची आणून लावली असावी इतकी लांब होती. ते पक्षी कालवफोडे होते, आणि आजचे व्याख्यान त्यांच्याविषयी आहे.

ओळख हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. न्यायालयात साक्षीदार आरोपीची ओळख पटवतो ती एक, आणि दोन माणसांची ओळख होऊन पुढे घरोबा वाढतो ती दुसरी. पक्षिनिरीक्षणाच्या पुस्तकांतून बहुधा पहिलीच ओळख शिकवली जाते. रंग, लांबी, शेपटीची खूण, आणि पुढे नाव. ती अगत्याची आहे यात संशय नाही. परंतु या एका पक्ष्याच्या बाबतीत नुसत्या नावावर थांबलेल्या ओळखीने माणसाच्या हातून जे अन्याय घडले त्यांची हकिकत जो ऐकेल त्याला दुसऱ्या ओळखीची निकड पटल्यावाचून राहणार नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी पहिल्या ओळखीपासून आरंभ करतो, पण तेथे थांबणार नाही.

कालवफोड्या आकाराने गावठी कोंबडीपेक्षा लहान. चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत सुमारे ४० ते ४५ सेंटिमीटर, आणि त्यांपैकी आठनऊ सेंटिमीटर एकट्या चोचीचे. वजन अर्ध्या किलोच्या आसपास. डोके, मान, छाती आणि पाठ काळी. पोट स्वच्छ पांढरे. काळ्यापांढऱ्यामधली रेघ छातीवर अशी ठळक की जणू पक्षी छातीपर्यंत शाईत बुडवून काढला आहे. पाय गुलाबी, डोळा लाल आणि डोळ्याभोवती नारिंगी-तांबडे कडे. शास्त्रज्ञांनी त्याला हेमॅटोपस, म्हणजे रक्तपाद, असे नाव दिले आहे. हिवाळ्यात आपल्याकडे येणाऱ्या पक्ष्याच्या पायांची फिकट गुलाबी छटा पाहता त्या नावात थोडी अतिशयोक्ती आहे, पण विणीच्या दिवसांत ती कमी भासते. आपल्याकडे तो आश्विनाच्या मागेपुढे येतो आणि फाल्गुनाअखेर परततो. म्हणजे त्याचा विणीचा वेष आपल्याला क्वचितच दिसतो. हिवाळी वेषाची एक खूण मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. गळ्यावर, हनुवटीच्या खाली, एक पांढरा अर्धा पट्टा असतो, आणि काळ्या गळ्यावर तो पट्टा दुरूनही दिसतो.

उडाला की त्याचे रूप पालटते. बसलेला असताना जो पक्षी बव्हंशी काळा वाटतो त्याच्या पंखांवर एकाएकी रुंद पांढरे पट्टे उघडतात, कमरेपासून पाठीवर चढत गेलेला पांढरा त्रिकोण दिसतो, शेपटीच्या टोकाला काळी किनार दिसते, आणि त्याच वेळी 'क्लीप, क्लीप' असा तीक्ष्ण, घाईचा आवाज वाऱ्यावरून येतो. लाटांच्या गाजेतूनही तो आवाज ऐकू येतो. ज्याने तो एकदा ऐकला त्याला पुढे दुर्बीण डोळ्यांना लावण्याआधीच पक्षी कळतो.

गफलत कोणाशी होते, तेही सांगितले पाहिजे. शेकाट्या काळापांढरा असतो, त्याचे पायही गुलाबी असतात. पण ते पाय इतके लांब आणि काटकुळे, आणि चोच अशी काळी व सुईसारखी, की जवळून पाहणाऱ्याची फसगत होत नाही. उचाट हाही काळापांढरा, पण त्याची चोच टोकाकडे वर वळलेली. खेकड्यांवर जगणारा एक पांढराशुभ्र, काळ्या पाठीचा पाणपक्षी गुजरातच्या किनाऱ्यावर बराच व आपल्याकडे कधीमधी दिसतो. त्याची चोच काळी, आखूड आणि दणकट. टिटवीशी तुलना करण्याची पाळी केवळ घाई झालेल्या मुलावर येते. सारांश, या सर्वांत सरळ, लांब, नारिंगी-तांबड्या चोचीचा पक्षी एकच. गुरुजींनी पहिला प्रश्न चोचीविषयी विचारला तो उगाच नव्हे.

त्या चोचीकडे आणखी थोडे टक लावून पाहिले तर पक्ष्याचे वय कळते. पहिल्या वर्षाच्या पिलाची पाठ तपकिरी झाकेची, चोचीचे टोक मळकट काळे, पाय राखाडी आणि डोळा निस्तेज असतो. चोचीचा रंग उजळायला, पाय गुलाबी व्हायला आणि डोळा लाल व्हायला तीनचार वर्षे जातात. नर कोण आणि मादी कोण, याचाही अंदाज बांधता येतो, कारण मादीची चोच नराच्या चोचीहून लांब व सडपातळ असते. आणि वय व लिंग यांच्याही पलीकडची एक गोष्ट त्या चोचीच्या टोकावर लिहिलेली असते, ती म्हणजे त्या पक्ष्याचा धंदा. मला या साऱ्या विषयात याहून विलक्षण काही वाटत नाही, म्हणून येथे मी थोडा रेंगाळणार आहे.

शिंपला म्हणजे दोन झडपांची पेटी, आणि त्या झडपा आतून एका बळकट स्नायूने ओढून धरलेल्या. ही पेटी उघडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग चोराचा नसला तरी शस्त्रवैद्याचा खास आहे. पाणी ओसरत असताना उथळ डबक्यात जो शिंपला अद्याप किंचित उघडा श्वास घेत असतो त्याच्या फटीत कालवफोड्या आपली चोच खुपसतो. ती चोच समोरून पाहिली तर सुरीच्या पात्याप्रमाणे दोन्ही बाजूंनी चपटी असते. शिंपला मिटू पाहतो, तोच पक्षी मान फिरवून तो स्नायू कापतो, झडपा ढिल्या पडतात आणि आतले मांस तो ओरबाडून, झटकून, दोनचार घासांत संपवतो. दुसरा मार्ग लोहाराचा. शिंपला उपटून तो घट्ट वाळूवर आणतो, त्याची जी बाजू पातळ असेल ती वर करून ठेवतो, आणि मान ताठ करून, साऱ्या अंगाचे बळ आणून, एकाच जागी टोले घालीत राहतो. कवच फुटून छिद्र पडले की पुढचे काम पहिल्यासारखेच. तिसरे काही पक्षी शिंपल्यांच्या वाटेला न जाता मऊ चिखलात चोच खोल घालून किडे काढतात.

आता नवलाची गोष्ट ही की एक पक्षी सामान्यतः एकच मार्ग धरतो, आणि त्या मार्गाप्रमाणे त्याच्या चोचीचे टोक घडत जाते. कापणाऱ्याचे टोक छिन्नीसारखे, फोडणाऱ्याचे बोथट, किडे काढणाऱ्याचे निमुळते. चोच दिवसाला सुमारे अर्धा मिलिमीटर वाढते, कामात झिजते, आणि या वाढीच्या व झिजेच्या हिशेबातून हत्यार घडते. पक्ष्याने धंदा बदलला तर थोड्याच आठवड्यांत चोचीचे टोकही बदलते. जॉन गॉस-कस्टर्ड यांनी इंग्लंडमधील एक्स नदीच्या खाडीत १९७६ पासून या पक्ष्यांचा जो प्रदीर्घ अभ्यास चालवला, त्यात पायांत रंगीत कड्या घातलेले पक्षी वर्षानुवर्षे त्याच त्या शिंपल्यांच्या पट्ट्यांवर, त्याच त्या पद्धतीने पोट भरताना आढळले. बलुतेदाराच्या पोराने बापाच्या हाताखाली हत्यार धरावे तशीच या पक्ष्याचीही वहिवाट आहे. इतर बहुतेक किनारी पक्ष्यांची पिले जन्मल्यापासून काही तासांतच आपले आपण टिपू लागतात, पण कालवफोड्याच्या पिलांना आईबाप कित्येक आठवडे चारा आणून देतात, कारण शिंपला उघडणे ही अंगी उपजत येणारी गोष्ट नव्हे; ती पाहून, चुकून आणि पुन्हा करून यावी लागते.

उपजत काय आणि शिकलेले काय, या प्रश्नाशी या पक्ष्याचा संबंध तसा जुना आहे. निको टिनबर्खेन या डच शास्त्रज्ञाने घरट्यात बसलेल्या कालवफोड्यापुढे त्याचे स्वतःचे अंडे आणि एक अवाढव्य बनावट अंडे ठेवले, तेव्हा पक्ष्याने आपले अंडे टाकून त्या अवजड अंड्यावर बसण्याची केविलवाणी धडपड केली. टिनबर्खेन यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या प्रयोगाचे चित्र पाहून पुष्कळ लोक पक्ष्याला मूर्ख ठरवतात, ते मला मान्य नाही. जो पक्षी अंड्याविषयी फसतो तोच शिंपल्याची पातळ बाजू शोधून काढतो. एकच जीव एका बाबतीत बांधलेला आणि दुसऱ्या बाबतीत मोकळा असू शकतो, एवढाच त्याचा अर्थ.

नावाचा उगमही येथे सांगितला पाहिजे. इंग्रज लोक या पक्ष्याला पूर्वी, मॅगपाय या काळ्यापांढऱ्या पक्ष्यावरून, समुद्रावरची मॅगपाय अशा अर्थाच्या नावाने ओळखत. १७३१ च्या सुमारास मार्क केट्सबी याने अमेरिकेच्या कॅरोलिना प्रांतातल्या पक्ष्यांचे वर्णन करताना तिथल्या जातीला कालवे पकडणारा असे नाव दिले, आणि तिथली जात खाडीतील कालवांच्या थरांवर खरोखरच चरते. पुढे ते नाव युरोपातल्या पक्ष्यालाही चिकटले; लिनिअसने १७५८ साली जे शास्त्रीय नाव दिले त्यातल्या ऑस्ट्रालेगस या शब्दाचाही अर्थ कालवे वेचणारा असाच आहे. वस्तुतः युरोपातला पक्षी मुख्यतः जगतो तो कॉकल नावाच्या गोलसर, रेघाळ शिंपल्यांवर आणि गोव्यात ज्यांना शिनाणे म्हणतात त्यांच्या जातीच्या काळ्यानिळ्या शिंपल्यांवर. अमेरिकेत खरे असलेले नाव युरोपात अर्धेच खरे राहिले, आणि त्याचेच भाषांतर आपण कालवफोड्या असे केले. मी हे नाव सोडा असे म्हणणार नाही, कारण ते ऐकले की मला ओहोटीच्या वेळी खडपावर उकिडव्या बसून लहानशा लोखंडी हत्याराने कालवे फोडणाऱ्या आमच्या कोळणी आठवतात. वरची झडप एका ठोक्यात उडवून आतले मांस भांड्यात टाकणारा त्यांचा हात आणि पक्ष्याची मान यांची लय एकच आहे.

परंतु नाव हेच आरोपपत्र होऊन बसले, म्हणजे काय होते ते वेल्समधल्या बरी इनलेटच्या खाडीत दिसले. तिथे कॉकल वेचण्याचा धंदा पिढीजात. १९७० च्या आधीच्या काही वर्षांत माल घटला, आणि एक पक्षी दिवसात काही शेकडे कॉकल खातो, या हिशेबाला पक्ष्यांच्या संख्येने गुणून लोकांनी गुन्हेगार निश्चित केला. सरकारकडे अर्ज गेले, परवानगीचा हुकूम निघाला, आणि १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात तिथे सुमारे १०,००० कालवफोडे बंदुकीने मारले गेले. नंतर आकड्यांची फेरतपासणी झाली, तेव्हा घट पक्ष्यांमुळे झाली हे सिद्ध होऊ शकले नाही. कॉकलची पैदास वर्षावर्षाला कमालीची बदलते, थंडीच्या कडाक्यात पट्टेच्या पट्टे मरतात, आणि पक्षी जे खातो त्यातले पुष्कळसे असेही टिकले नसते. शिक्षेची अंमलबजावणी आधी झाली, पुरावा मागाहून तपासला गेला. वेचणाऱ्या कुटुंबांची पोटाची चिंता खरी होती आणि तिच्याविषयी मला अनादर नाही. माझा आक्षेप उलटतपासणीशिवाय दिलेल्या निवाड्याला आहे.

नेदरलँडच्या वाडन समुद्रात प्रकरण नेमके उलटे घडले. तिथे १९९० च्या आसपास यंत्रांनी शिंपल्यांचे पट्टे इतके खरवडले गेले की हिवाळ्यात या पक्ष्यांची उपासमार झाली आणि त्यांची संख्या पुढे घटतच गेली. कॉकल काढण्याची यांत्रिक पद्धत तिथे २००५ पासून बंद झाली. पक्षी शिंपले संपवतो हा आरोप होता. माणसाने शिंपले संपवून पक्षी घटवला, ही वस्तुस्थिती निघाली. २०१५ पासून या जातीची गणना जागतिक यादीत संकटाच्या उंबरठ्यावरील जातींत होते.

याहून दुःखाची कथा कॅनरी बेटांची. तिथल्या फुएर्तेव्हेंतुरा, लान्सारोते व आसपासच्या बेटांवर सर्वांगाने काळा असा एक कालवफोड्या खडकांवर राहत असे. बॅनरमन या पक्षिशास्त्रज्ञांनी १९१३ साली त्याचा नमुना मिळवला. त्यानंतर कोणालाही नमुना मिळाला नाही. मच्छीमारांच्या सांगण्यावरून तो १९४० च्या सुमारास नाहीसा झाला असावा. खडकांवरील शिंपले माणसांनी वेचून नेले, किनाऱ्यावर वर्दळ वाढली, मांजरे व उंदीर आले. १९९४ साली तो नष्ट झाल्याचे जाहीर झाले. अलीकडे संग्रहालयांत जपलेल्या त्याच्या कातड्यांतून वंशद्रव्य काढून तपासले, तेव्हा तो स्वतंत्र जातीचा नसून आपल्या या काळ्यापांढऱ्या पक्ष्याचेच गडद रूप होता, असे आढळले. ज्याची ओळख जिवंतपणी कोणी नीट करून घेतली नाही त्याची ओळख मरणानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी काचेच्या नळीत पटली. हा मजकूर मी जेव्हा प्रथम वाचला तेव्हा मला गुरुजींचा प्रश्न आठवला, आणि पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून होतो.

याच पक्ष्याला डोक्यावर घेणारा एक लहानसा मुलूखही आहे, हे सांगितले नाही तर चित्र एकांगी होईल. उत्तर अटलांटिकमधील फॅरो बेटांचा तो राष्ट्रीय पक्षी असून त्याला तिथे 'त्याल्दुर' म्हणतात. १२ मार्च हा त्याच्या आगमनाचा दिवस मानतात आणि उत्सव करतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, बेटांचा सगळा व्यापार डेन्मार्कच्या राजाच्या मक्त्यात असताना, नोल्सोयार पाउल या दर्यावर्दी कवीने एक दीर्घ पक्षिकाव्य रचले. त्यात परकी अंमलदार शिकारी पक्ष्यांच्या रूपात येतात, आणि लहान पक्ष्यांना ओरडून सावध करणारा पक्षी म्हणजे त्याल्दुर. घरट्याजवळ ससाणा वा कावळा फिरकला की हा पक्षी जो गिल्ला करतो तो ज्यांनी ऐकला आहे त्यांना कवीची निवड पटेल. तो मक्ता १८५६ साली उठला.

आता आपल्या किनाऱ्याकडे येतो. आपल्याकडे येणारे कालवफोडे ज्या उपजातीचे आहेत ती रशियाच्या आतल्या भागात, पश्चिम सायबेरियात आणि मध्य आशियात नद्यांच्या वाळूच्या बेटांवर वीण करते. ज्याला आपण निव्वळ दर्यावरचा पक्षी समजतो तो जन्माने नदीकाठचा आहे, समुद्रापासून शेकडो कोस दूर जन्मलेला. या उपजातीची पाठ युरोपातल्या पक्ष्यांपेक्षा जरा तपकिरी असते, आणि चोचीवरच्या नाकपुडीची खाच चोचीच्या निम्म्याहून पुढे जाते. ही खूण बारीक आहे, पण चांगल्या उजेडात, चांगल्या दुर्बिणीतून, बसलेल्या पक्ष्यावर दिसते. हा पक्षी दीर्घायुषी आहे. युरोपात पायात कडी घातलेले काही पक्षी चाळीस वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे, आणि असा पक्षी हिवाळा काढण्यासाठी वर्षानुवर्षे ठरलेल्या जागी परततो. तेव्हा गुरुजींनी मला दाखवलेल्या त्या पाचसहांपैकी एखादा अजूनही येत असेल, असे मानण्यास निदान आयुर्मानाची आडकाठी नाही.

त्याला पाहण्याची रीत पंचांगावर बेतलेली आहे. कोकणातला जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, पाणी सकाळ-संध्याकाळ इतके मागे हटते की पक्षी ठिपक्याएवढे दूर जातात. कुलाबा किल्ल्यापर्यंत आपण चालत जातो ते याच ओहोटीत. अष्टमी-नवमीला भांग असल्याने वाळू अरुंद उघडते आणि पक्षी त्या मानाने जवळ राहतात. भरती चढू लागली की ते पोट भरून वाळूच्या उंचवट्यावर, बहुधा एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून एकत्र उभे राहतात. ती त्यांची विश्रांतीची वेळ. त्या वेळी एखादी गाडी पुळणीवरून भरधाव गेली, किंवा मोकळे कुत्रे थव्यावर धावले, की सगळा थवा उठतो, आणि प्रत्येक वेळी उठल्याने त्याची जी शक्ती जाते ती त्याला पुढच्या ओहोटीत पुन्हा कमवावी लागते. किनाऱ्यावर गाड्या नेऊ नका, थव्यापासून शंभर पावलांवर थांबा, आणि पक्षी मान वर करून ओरडू लागले तर दहा पावले मागे या, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.

येत्या रविवारी शुद्ध नवमी आहे. ओहोटी दुपारी एकच्या सुमारास होईल, आणि मी अकरा वाजल्यापासून अक्षीच्या पुळणीवर असेन. ज्यांना यावेसे वाटेल त्यांनी अवश्य यावे, मुलांना घेऊन यावे. दुर्बीण नसली तरी अडणार नाही. चोच नुसत्या डोळ्यांनीही दिसते.